चित्रपटाला विचारायचे तीन प्रश्न : ‘पानिपत’च्या निमित्ताने



आपल्या जिल्ह्यातलं परतूर इतिहासाच्या पुस्तकांत पटदूर या नावाने भेटतं. उदगीरच्या विजयानंतर इथल्या छावणीतच उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला आणि मार्च १७६०मध्ये सदाशिवरावभाऊ इथून निघाले. पुढे १४ जानेवारी १७६१ला काय झालं, ते मराठी माणसाला सांगायला नको.

त्यावरचा आशुतोष गोवारीकरांचा मोठ्या खर्चाचा ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ला प्रदर्शित झाला. त्यावर बरंच बोललं गेलं. पण त्या बोलण्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. ते आज सुटे करून पाहू.

पहिला प्रश्न : दाखवलं ते खरं आहे का? याचं उत्तर कागदपत्रांत शोधायचं. दुसरा : कलाकृती म्हणून ते उभं राहतं का? याचं उत्तर पडद्यावर शोधायचं. आणि तिसरा : आमच्या माणसाचा मान राखला का? याचं उत्तर मात्र आपण आपल्या मनातच शोधतो.

समीक्षकांनी प्रामुख्याने दुसरा प्रश्न विचारला. लांबी फार झाली, अर्जुन कपूरचा भाऊ रणवीर सिंगच्या बाजीरावापुढे फिका पडतो, असं अनेकांनी लिहिलं. पण गाजला तो तिसरा प्रश्न. अब्दालीच्या चित्रणाबद्दल अफगाणांकडून आधीच चिंता व्यक्त झाली होती. तिकडे तो राष्ट्राचा संस्थापक आहे. नंतर राजस्थानात जाट समाज रस्त्यावर उतरला. महाराजा सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो असं दाखवलंय, हा त्यांचा आक्षेप. पराभवानंतर पळून आलेल्या मराठ्यांना याच सूरजमलने आसरा दिला, हे इतिहासात आहे. तेव्हा आक्षेपात तथ्य होतं. शेवटी निर्मात्यांनी काही दृश्यं कापली.

आता पाहा, काय झालं? प्रश्न पहिला होता, विचारला गेला तिसरा म्हणून. ज्याचं उत्तर पुराव्याने द्यायचं, ते कात्रीने दिलं गेलं. आणि दुसरा प्रश्न तर राहूनच गेला! बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा, असा सल्ला सूरजमलने दिला होता आणि भाऊंनी तो मानला नाही, असं इतिहासकार सांगतात. दोन शहाणी माणसं, दोन्ही आपापल्या जागी ठाम : खरी शोकांतिका इथे आहे. किल्ल्याचा सौदा पुढे आणला की हा पेच मागे पडतो. उरतो फक्त एक शूर आणि एक स्वार्थी. ही त्रुटी अपमानापेक्षा मोठी आहे, आणि ती कात्रीने भरून निघत नाही.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक असं : समोर चाललेलं सुखदुःख ‘हे माझं’ किंवा ‘हे त्याचं’ म्हणून पाहणं. तसं पाहिलं की माणूस प्रेक्षक राहत नाही, पक्षकार होतो. पक्षकाराला रस मिळत नाही. मिळतो तो अभिमान, नाहीतर राग.

हे विघ्न फक्त जाटांचं किंवा अफगाणांचं, असं समजू नका. भाऊ पडद्यावर गरजला की आपण टाळ्या वाजवतो. परतूरचं नाव ऐकू आलं तर खूश होऊ, नाही आलं तर रुसू. दोन्हींत चित्रपट कसा आहे ते ठरत नाही. इतिहासाबद्दल तक्रार असेल तर पुरावा मागा, जरूर मागा. पण त्यानंतर एवढंही विचारा : आपला कोण हे विसरून पाहिलं, तर हे दुःख मला भिडलं का?