पी. टी. ओ. शाफ्टची लांबी : माप व जोडणी

ट्रॅक्टर एकाचा, रोटाव्हेटर दुसऱ्याचा व शाफ्ट हातास लागेल तो, अशी जोडणी पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडते. दोन्ही टोकें बसलीं म्हणजे काम झालें, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत खर्चाची व प्रसंगीं प्राणघातकहि ठरते; म्हणून शाफ्टचें माप कसें घ्यावें याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनाची शक्ति मागील फिरत्या दांड्यावाटे औतास पुरविण्याची सोय अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९१८ सालीं आपल्या ८-१६ या ट्रॅक्टरवर विक्रीस आणिली. हा दांडा, म्हणजेच पी. टी. ओ., आज बहुधा मिनिटास ५४० फेरे या प्रमाण गतीनें चालवितात. म्हणजे सेकंदास ९ फेरे झाले. त्यास औताच्या गिअरबॉक्सशीं जोडणारा शाफ्ट अखंड नसतो. त्याची एक नळी दुसरींत सरकते व दोन्ही टोकांस क्रॉसचे सांधे असतात. औत वरखालीं होतांना दोन टोकांमधील अंतर बदलतें, म्हणून ही सरकती रचना केलेली असते. यावरून ध्यानांत येईल कीं, शाफ्टला एकच एक योग्य लांबी नाहीं. सर्वांत कमी व सर्वांत जास्त अशा दोन्ही अंतरांस तो पुरला पाहिजे.

शाफ्ट लांब असल्यास आंतील नळी तळाशीं टेकते व औत हलतांच सारा दाब दोन्हीकडील बेअरिंगांवर व गिअरबॉक्सवर येतो. आंखूड असल्यास नळ्या एकमेकींत पुरेशा राहत नाहींत. त्या वांकतात, किंवा अजीबात निसटून फिरता भाग आसुडाप्रमाणें आपटतो.

माप घेण्यासाठीं औत शाफ्टशिवाय ट्रॅक्टरला जोडावें व वरचा लिंक कामाच्या वेळीं असेल तेवढाच ठेवावा. पी. टी. ओ. बंद ठेवून औत हळूहळू उचलावें व तीन-चार उंचींवर दोन दांड्यांमधील अंतर मोजावें. प्रत्येक वेळीं इंजिन बंद करून किल्ली खिशांत घालावी आणि औताखालीं भक्कम ठोकळे द्यावे. केवळ हायड्रॉलिकच्या भरंवशावर कोणींहि मागें जाऊं नये. दांडे समोरासमोर आले असतां अंतर बहुधा सर्वांत कमी भरतें, तथापि अंदाजावर विसंबूं नये.

अंतर सर्वांत कमी असेल त्या स्थितींत शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरवर व दुसरा औतावर बसवावा आणि ते शेजारीं शेजारीं धरावे. प्रत्येक नळीचें मोकळें टोक समोरच्या भागाच्या तळापासून अडीच ते चार सेंटिमीटर अलीकडे राहील अशी खूण करावी. प्रथम बाहेरील प्लॅस्टिकची संरक्षक नळी कापावी. तिचा जेवढा तुकडा निघेल तेवढाच तुकडा आंतील लोखंडी नळीचा कापावा. दोन्ही भाग सारखेच कमी करावे. काप काटकोनांत घ्यावा, आंतबाहेरील धार कानशीनें मोडावी, कीस पुसून काढावा व ग्रीस लावावें.

यानंतर दुसरी परीक्षा. अंतर सर्वांत जास्त असेल तेव्हां नळीचा निदान एक तृतीयांश भाग दुसरींत राहिला पाहिजे. कारखान्याच्या पुस्तकांत याहून अधिक सांगितलें असेल तर तें मानावें. उदाहरणार्थ, ४५ सेंटिमीटरच्या नळ्या कमी अंतरावर ४१ सेंटिमीटर एकमेकींत आहेत व औताच्या हालचालीनें १२ सेंटिमीटर बाहेर येतात असें धरूं. मग २९ उरतात. एक तृतीयांश म्हणजे १५, अर्थात् हा शाफ्ट चालेल. तोच आधीं अविचारानें कापल्यामुळें २० सेंटिमीटरच आंत असेल, तर ८ उरतील. तो टाकाऊ समजावा. आंखूड नळीस तुकडा वेल्डिंग करून जोडूं नये. तोल बिघडून ती त्या सांध्यावरच तुटण्याचा संभव असतो.

जोडतांना नळ्यांवरील दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारीं दुबेळकीं, एकाच पातळींत असावीं. कोनांत फिरणाऱ्या एका सांध्याची गति प्रत्येक फेऱ्यांत कमीजास्त होते व दुसरा सांधा ती चूक भरून काढतो. योक आडवेउभे पडल्यास चूक दुणावते व शाफ्ट थरथरतो. चौकोनी नळी अशी उलट बसूं शकते, हें ध्यानांत ठेवावें. टोकावरील खिटी खांचेंत पुरती बसली कीं नाहीं, हें शाफ्ट ओढून पाहावें.

संरक्षक नळी काढून ठेवण्याची चाल मात्र सर्वथैव त्याज्य होय. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरणें शाफ्टला लागलें, तर सेकंदास ९ फेऱ्यांच्या वेगापुढें सोडवून घेण्यास अवसर मिळत नाहीं. नळीची सांखळी स्थिर भागास बांधावी, म्हणजे ती शाफ्टबरोबर फिरत नाहीं.

शेवटीं एक सूचना. कापलेला शाफ्ट ज्या ट्रॅक्टरच्या व औताच्या जोडीसाठीं मापला, त्या जोडीचाच असतो. त्याच्या संरक्षक नळीवर दोहोंचीं नांवें रंगानें लिहावीं, आणि औत शेजाऱ्यास देतांना त्याच्या ट्रॅक्टरवर दोन्ही अंतरें पुन्हां मोजल्याखेरीज शाफ्ट चढवूं देऊं नये.