ठरवलेले टिकते कसे?
ख्रिस्ती जीवनाचा निश्चय : लेखांक ५

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण गुडघे टेकतो, डोळे भरून येतात. नव्या वर्षी रोज पवित्र शास्त्र वाचीन, खोटे बोलणार नाही, तुटलेल्या भावाशी पुन्हा बोलेन, असे बरेच काही प्रभूपुढे कबूल करतो. जानेवारीत पहिली पाळी लागते. पहाटे डबा घेऊन सीना नदीवरचा पूल ओलांडायचा, नागापूरच्या एमआयडीसीत वेळेवर कार्ड पंच करायचे. शास्त्र उशाशीच राहते. गेल्या लेखांकानंतर तिथल्या एका कामगार बांधवाने मला विचारले, “निश्चय खोटा नव्हता हो, मग टिकला का नाही?” आजचा लेख त्याच्या प्रश्नासाठी.

पेत्राचाही निश्चय खोटा नव्हता. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने प्रभूला मरेपर्यंत साथ देण्याचे वचन दिले, आणि गेथशेमाने बागेत तलवार उपसली तेव्हा तो खरोखर मरायलाही तयार होता. पण थोड्याच वेळाने, महायाजकाच्या अंगणात, एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे त्याचा धीर सुटला. तलवारीची तयारी होती, त्या प्रश्नाची नव्हती. आपले निश्चयही बहुतेक वेळा असेच गळतात.

दानिएलाकडे पाहा. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो, पण ती सहाव्या अध्यायातली. पहिल्या अध्यायात आहे ते ताट. राजाच्या पंगतीचे अन्न घ्यायचे नाही हे त्याने आधीच मनात ठरवले आणि दहा दिवस भाजी व पाण्यावर राहून दाखवण्याची परवानगी मागितली. पुढे प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने नवे काहीच केले नाही. आधीपासून दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता, तसेच टेकले. सिंहांपुढचे धैर्य त्या सवयीतून आले, असे मला ठामपणे वाटते.

नागापुरात याचा अर्थ काय? मापात न बसलेला जॉब ‘ओके’ लिहायचा की नाही, हे मशीनपुढे ठरवायला गेलो तर टार्गेट ठरवते. ते घरून निघतानाच, दारात उभे राहून, प्रार्थनेत ठरवायला हवे. आणि ते बायकोला किंवा मंडळीतल्या एका भावाला सांगायलाही हवे. कोणालाच न सांगितलेला निश्चय मोडला तरी कोणी विचारत नाही.

आपल्याच नगरचे उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, तरी बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधल्या काळात भीती होती, घालमेल होती. कोणाचा निश्चय पिकायला वेळ लागत असेल तर त्याला कच्चा म्हणण्याची घाई आपण करू नये.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट याहून अवघड होती. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. मग त्या नगरला आल्या त्या सोवळे-ओवळे सांभाळतच. टिळकांनी बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशी सोडवला, तो माणसाचाच आहे असे ठरले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दर वेळी हेच जाणवते की त्यांचा विश्वास आधी स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या तांब्यापाशी कसाला लागला, पाण्याच्या संस्काराची वेळ नंतर आली. इकडे टिळकही बाप्तिस्म्यापाशी थांबले नाहीत. १९१७ मध्ये, पंचावन्नी ओलांडल्यावर, मिशनच्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बावीस वर्षांपूर्वीच्या निश्चयाला त्या वयात नवी पालवी फुटली.

पण मोडलेल्या निश्चयाचे काय? बांधवाचा खरा प्रश्न हाच होता, आणि त्याची मान खाली होती. पेत्र पडणार हे प्रभूला ठाऊक होते. त्याचा विश्वास ढळू नये म्हणून त्याने आधीच प्रार्थना केली होती. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवला, मासे भाजले, पेत्राला जेवू घातले. मग तीनदा एकच विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का? नाकारलेही तीनदाच होते. पुन्हा आणभाका घ्यायला सांगितले नाही. मेंढरे सांभाळण्याचे काम हाती दिले. आपला निश्चय आपल्या मनगटावर उभा असता तर पेत्राची गोष्ट त्या अंगणातच संपली असती.

मी त्या बांधवाला विचारले, ३१ तारखेला कबूल केलेल्यांपैकी सर्वांत जड कोणते? बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “भाऊ.” वर्षभराचे राहू द्या, मी म्हटले, आज पाळी सुटली की त्याला फोन करा. नंबर पाठ आहे, तो म्हणाला. गेटच्या बाहेरच, चहाच्या टपरीमागे, आम्ही दोघांनी डोळे मिटून प्रार्थना केली.