सेल संपल्यावर कुणाशी बोलू?

सकाळची डेक्कन क्वीन, हातात पोस्टरची लांब नळी आणि डब्यात पोळी-भाजी. आमची ‘संशोधक टीम’ अशी मुंबईला निघाली होती! दोघी स्पीच थेरपिस्ट आणि एक सोशल वर्कर. कॉक्लिअर इम्प्लांटवरच्या परिषदेत आमचा विषय होता, ऑपरेशननंतर मुलं थेरपीला येणं का सोडतात?

मैत्रिणींनो, इम्प्लांट म्हणजे कानामागे लावायचं साधं श्रवणयंत्र नव्हे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली पोकळी असते. तिच्यात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात, ती श्रवणाच्या नसेला थेट संदेश देते. ही तार वळणातून न्यायची कशी, हे ऑस्ट्रेलियाच्या डॉ. ग्रॅएम क्लार्क यांना १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर शंखात गवताचं पातं घालताना उमगलं. त्यांच्या वडिलांनाच नीट ऐकू येत नसे. त्याच वर्षी व्हिएन्नात इन्गेबोर्ग होखमायर या इंजिनिअर बाईंनी एर्विन होखमायर यांच्या साथीनं बनवलेलं इम्प्लांट रुग्णाला बसवलं गेलं. (परिषदेत हे नाव निघालं की मी उगाच ताठ बसते!)

पण ऑपरेशन झालं की मूल लगेच बोलायला लागतं, असं नाही. काही आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर सुरू करतात, तेव्हा काही मुलं चक्क घाबरून रडतात. मग कुकरची शिट्टी, दाराची कडी, स्वतःचं नाव... एकेक आवाज ओळखायला शिकवायचा. महिनोन् महिने. आणि शिकवणार कोण? बहुतेक घरांत आईच.

पोस्टरवर आम्ही कारणं लिहिली होती. पहिलंच कारण, ‘आईचा अनियमितपणा’. पालकांच्या सत्रासाठी सोलापूरकडून आलेली एक आई तिथे थांबली. इंग्रजीत काय लिहिलंय, म्हणाली. मी सांगितलं.

‘‘म्हणजे आम्ही आळशी, असंच ना मॅडम?’’

‘‘तसं नाही हो ताई. पण घरी बाळाशी सतत बोलायला हवं ना!’’

‘‘बोलते की. भाकरी थापताना बोलते, रानात बोलते. पण सेल संपल्यावर कुणाशी बोलू?’’

सेल दोन-तीन दिवसांत उतरतात. तालुक्याला मिळत नाहीत. त्यात वायर तुटली, नवी यायला दोन महिने गेले. ‘‘‘आई’ म्हणाया लागला होता. त्या दोन महिन्यांत पुन्हा हातानं खुणा कराया लागला,’’ एवढं बोलून ती बाई सत्राला निघून गेली. शेजारच्या हॉलमध्ये सर्जन मंडळींच्या स्लाइड्सना टाळ्या पडत होत्या.

परतीच्या गाडीत आम्ही तिघी फारसं बोललो नाही. पोस्टरची नळी वर फळीवर तशीच पडून होती.

सोमवारी जुन्या फायली काढल्या. ‘आई अनियमित’ हा शेरा कितीतरी फायलींवर होता, अक्षर माझंच. पहिल्या नंबरला फोन लावला. ‘‘ताई, मशीनची वायर चालू आहे ना?’’

‘‘दिवाळीपासून बंद आहे मॅडम.’’