वाटीभर भात म्हणजे नेमका किती?

दुबई-शारजातल्या आपल्या अनेक घरांत आहारतज्ज्ञाने दिलेला कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो. त्यावर लिहिलेले असते : 'दुपारी भात – एक कप.' सूचना सोपी दिसते. पण कोणता कप?

पाककृतींतला मापाचा कप २४० मि.लि.चा. राइस कुकरबरोबर येणारा कप १८० मि.लि.चा, तो 'गो' या जुन्या जपानी मापावरून आला आहे आणि कच्च्या तांदळासाठी असतो. आपली आमटीची वाटी १५० मि.लि.च्या आसपास. कुकरच्या कपात सुमारे १५० ग्रॅम कच्चे तांदूळ मावतात आणि त्यात जवळजवळ १२० ग्रॅम कर्बोदके असतात. २४० मि.लि. शिजलेल्या भातात मात्र ती ४५ ग्रॅमच्या घरात. म्हणजे 'एक कप' या दोन शब्दांत अडीच पटींहून अधिक फरक! जेवणातल्या कर्बोदकांवरून इन्सुलिनचे युनिट ठरवणाऱ्या माणसाला हा फरक परवडणारा नाही.

आपल्याकडे धान्य पूर्वी मापानेच देत-घेत. चिपटे, मापटे, शेर आणि चार शेरांची पायली. कोरडे धान्य मापात सारखे बसते, म्हणून तो व्यवहार चालून गेला. भाताचे तसे नाही. त्यात पाणी किती मुरले, दाणा लांब की आखूड, आणि वाटी सैल भरली की दाबून, यावर वजन बदलते. वरण-भाताची मूद पाडताना आपण भात दाबतोच, त्यामुळे त्याच वाटीत जास्त भात बसतो.

अंदाजासाठी हे आकडे ध्यानात ठेवावेत (पांढरा भात, न दाबता भरलेला) :

• लांब दाण्याचा भात, २४० मि.लि. : सुमारे १५८ ग्रॅम, २०५ कॅलरी
• आखूड, चिकट दाण्याचा भात, २४० मि.लि. : सुमारे १८६ ग्रॅम, २४० कॅलरी
• १०० ग्रॅम शिजलेला भात : सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके

बासमती पहिल्या ओळीत बसतो. आंबेमोहोर, इंद्रायणी दुसऱ्या ओळीकडे झुकतात.

पण सर्वांत खात्रीचा आकडा आपल्याच घरी मिळतो. शिजताना तांदूळ पाणी घेतो, कर्बोदके घेत नाही. म्हणून कच्च्या तांदळाचे वजन हा पक्का आधार. समजा, कुकरचे दोन कप, म्हणजे ३०० ग्रॅम तांदूळ घेतले. त्यात सुमारे २३७ ग्रॅम कर्बोदके आली. रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवा. भात झाल्यावर भांड्यासकट वजन करा आणि भांड्याचे वजन वजा करा. भात ८०० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅमला सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके. मऊ होऊन ९०० ग्रॅम भरला तर २६. आता आपली नेहमीची वाटी नेहमीसारखी भरून तिच्यातल्या भाताचे वजन एकदा करा आणि कागदावर 'कप' खोडून ग्रॅम लिहा. तांदूळ बदलला की हाच प्रयोग पुन्हा. घरगुती डिजिटल काटा एवढ्या कामाला पुरतो.

हेच गणित खर्चालाही लागू आहे. पाच किलोच्या पिशवीत कुकरचे सुमारे ३३ कप. रोज दोन कप लागत असतील तर पिशवी सोळा दिवस पुरेल. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि त्याच महिन्यात अमिरातीनेही तांदळाची निर्यात व पुनर्निर्यात चार महिन्यांसाठी बंद केली. भारताची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. अशा वेळी आपल्या घराला महिन्याला किती किलो लागतात हे माहीत असले, की घाबरून चार पिशव्या जास्तीच्या आणाव्या लागत नाहीत.

एक सूचना महत्त्वाची. वजन कळले म्हणून औषधाचा किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. आपल्या वाटीचे ग्रॅम डॉक्टरांना दाखवावेत आणि पुढचे त्यांनाच ठरवू द्यावे. गावाकडून आई-वडील इथे राहायला आले असतील तर त्यांची वाटी सर्वांत आधी मोजावी. वाढणारा हात प्रेमाचा असतो, त्यामुळे तो सहसा थोडे जास्तच वाढतो!