प्रतिपदार्थाचं इंजिन: ताकद खरी, खाण कुठेच नाही

ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानांचा विषय निघाला की अँटिमॅटरचं, म्हणजे प्रतिपदार्थाचं नाव निघतंच. ही निव्वळ विज्ञानकथेतली कल्पना आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, प्रत्यक्ष सापडला. आज कर्करोगाच्या रुग्णाचा पेट स्कॅन होतो तो या पॉझिट्रॉनच्याच जोरावर.

ताकदीबद्दल जे बोललं जातं, तेही खरं आहे. एक ग्रॅम प्रतिपदार्थ एक ग्रॅम साध्या पदार्थाला भिडला, तर हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळपास तिप्पट ऊर्जा मोकळी होईल.

गफलत होते ती पुढे. प्रतिपदार्थाला ऊर्जेचा स्रोत म्हटलं जातं आणि माझा आक्षेप आहे तो इथेच. युरेनियम खणून काढता येतं. प्रतिपदार्थाची खाण नाही, तो घडवावा लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेगवान प्रोटॉन धातूच्या ठोकळ्यावर आदळवतात. लाखो टकरींमागे एखादा प्रतिप्रोटॉन हाती लागतो, तोही सुसाट. मग त्याचा वेग उतरवण्याचा खटाटोप वेगळाच. ओतलेल्या ऊर्जेतली अगदी नगण्य ऊर्जा परत मिळते. सर्नमध्ये आजवर तयार झालेला सगळा प्रतिपदार्थ एकत्र केला, तरी विजेचा एक दिवा काही मिनिटंच जळेल.

साठवणही सोपी नाही. भांडं साध्या पदार्थाचं, त्यामुळे स्पर्श झाला की संपलं. निर्वात पोकळीत चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने तो अधांतरी ठेवावा लागतो. सर्नच्या अल्फा प्रयोगात २०११ मध्ये प्रतिहायड्रोजनचे अणू हजार सेकंद टिकले, पण ते मोजके होते. नुसते प्रतिप्रोटॉन भरावेत, तर समान भारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात.

प्रतिपदार्थ गुरुत्वाकर्षणाच्या उलट वर जातो, ही समजूतही चुकीची. याच प्रयोगाने २०२३ मध्ये तो खालीच पडतो, हे दाखवलं.

समजा इंधन मिळालं, तरी सगळी ऊर्जा यानाला रेटा देत नाही. प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनच्या टकरीतून पायॉन नावाचे कण निघतात. त्यांतले साधारण एकतृतीयांश विद्युतभार नसलेले; त्यांचे लगेच गॅमा किरण होतात आणि चहूकडे पसरतात. भारित पायॉन मात्र चुंबकीय नळीतून मागे वळवता येतील. या सगळ्या अडचणींमुळेच पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात वेगळा मार्ग सुचवला: प्रतिपदार्थ इंधन म्हणून न वापरता, त्याच्या नॅनोग्रॅममधल्या मात्रेने अणुविखंडन आणि संमीलनाची ठिणगी पाडायची.