युंकर्स यांचें डीझेल विमान-इंजिन

गेल्या वैशाखांत आम्ही घरचीं सर्व मंडळी कुळधर्मासाठीं मूळ गांवीं गेलों होतों. वेशीजवळ जुन्या पिठाच्या गिरणीचें आवार आहे. गिरणी आतां विजेवर चालते. परंतु आमच्या लहानपणीं जें तेलाचें इंजिन ती फिरवीत असे, तें मागच्या पडवींत गंजत पडलें आहे. त्याचा 'पुक् पुक्' आवाज सुरू झाला म्हणजे घरोघरच्या बायका दळणाचे डबे घेऊन निघत. माझ्या नातवानें त्या लोखंडी धुडाला हात लावून विचारलें, "आजोबा, असलें इंजिन विमानाला कां लावीत नाहींत?" जवळ उभ्या असलेल्या मंडळींना हंसूं आलें. मला मात्र तो प्रश्न मोठा मार्मिक वाटला. कारण असलें इंजिन विमानाला लावण्यासाठीं एका थोर यंत्रज्ञानें आयुष्यांतील बरींच वर्षें खर्चीं घातलीं. तें इंजिन उडालें, महासागर ओलांडून गेलें, आणि अखेर नको त्या कामाला जुंपलें गेलें. त्याची हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या इंजिनाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें नळकांडें तापतें, हा अनुभव घरांतील प्रत्येक मुलाला असतो. हवा दाबली कीं ती तापते. जर्मन यंत्रज्ञ रुडॉल्फ डीझेल यानें या साध्या गोष्टीवर आपलें इंजिन उभारलें, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें तें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवावें लागतें. डीझेलच्या इंजिनांत ठिणगीचें कामच नाहीं. नुसती हवा इतकी जोरानें दाबतात कीं, तींत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. यांत फायदे अनेक. तेल पेट्रोलपेक्षां स्वस्त. तें सहजासहजीं भडकत नाहीं. आणि तेवढ्याच कामाला पेट्रोलपेक्षां सुमारें चतुर्थांशानें कमी लागतें. ठिणगीच नसल्यामुळें बिनतारी यंत्रांतहि खरखर उठत नाहीं. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या विमानाला याहून अधिक काय पाहिजे?

मग अडचण कोणती? तर वजन. अतिशय दाब सोसावयाचा म्हणून या इंजिनाचा प्रत्येक भाग जाडजूड करावा लागतो. आणि गिरणींतल्या इंजिनाला जडपणा चालतो, आकाशांत चालत नाहीं. याचें एक दुःखद उदाहरण आपल्या देशाशीं निगडित आहे. इंग्लंडांत सरकारनें 'आर-१०१' नांवाचें प्रचंड हवाई जहाज बांधलें होतें. तें कार्डिंग्टनहून कराचीस यावयाचें होतें. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. उष्ण हवेंत पेट्रोलची वाफ भडकेल या धास्तीनें त्याला 'टॉर्नेडो' नांवाचीं पांच डीझेल इंजिनें बसविलीं. प्रत्येकाचें वजन दोन टनांच्या वर आणि शक्ति मात्र सुमारें सहाशें घोड्यांची! जहाज आधींच जड, त्यांत हा भार. ४ ऑक्टोबर १९३० रोजीं संध्याकाळीं तें निघालें, आणि उजाडण्यापूर्वींच फ्रान्समध्यें बोव्हे गांवाजवळ जमिनीवर आदळून जळालें. ५४ माणसांपैकीं ४८ माणसें प्राणास मुकलीं. अपघाताचीं कारणें अनेक होतीं, आणि भडका उडाला तो जहाज तोलून धरणाऱ्या हायड्रोजन वायूचा. तथापि डीझेलचें वजन उतरविल्यावांचून त्याला आकाशांत स्थान नाहीं, हें या प्रसंगानें जगाला कळून चुकलें.

हें वजन ज्यानें उतरविलें तो पुरुष म्हणजे प्राध्यापक हुगो युंकर्स. त्यांचा जन्म १८५९ सालीं जर्मनींत ऱ्हाइट या गांवीं झाला. घरचा धंदा कापडाचा; पण यांचें मन यंत्रांत. देसाऊ शहरांत त्यांनीं स्नानाचें पाणी तापविणाऱ्या गॅसच्या बंबांचा कारखाना काढला, आणि १८९७ पासून पुढें पंधरा वर्षें आखेन येथील उच्च यंत्रविद्यालयांत अध्यापनहि केलें. बंबांच्या धंद्यांत मिळालेला पैसा ते संशोधनांत ओतीत. विमानें लांकडाचीं आणि कापडाचीं होत असत त्या काळांत, १९१५ सालीं, त्यांनीं संपूर्ण धातूचें विमान उडवून दाखविलें. आणि पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्यें उतारूंसाठीं धातूचें विमान तयार केलें. पहिल्या युद्धांत त्यांनीं लढाऊ विमानेंहि बांधलीं होतीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु पुढें त्यांच्या मनांत भरलें होतें तें देशोदेशींचीं माणसें आणि टपाल वाहून नेणारें विमान. आणि त्या विमानाला कमी खर्चाचें, न भडकणारें इंजिन त्यांना हवें होतें.

त्यांची युक्ति मुलांना सुद्धां समजण्याजोगी आहे. नेहमींच्या इंजिनांत एका नळकांड्यांत एक दट्ट्या असतो, आणि नळकांड्याचें दुसरें तोंड जड झांकणानें बंद केलेलें असतें. युंकर्स यांनीं झांकणच काढून टाकलें, आणि त्या जागीं दुसरा दट्ट्या बसविला. आपण टाळी वाजवितों तेव्हां दोन्ही तळहात समोरासमोर येतात आणि दूर जातात. त्याप्रमाणें हे दोन दट्टे एकमेकांकडे धांवतात, मधली हवा दाबतात, तेल पेटलें कीं दोघेहि मागें फेंकले जातात. झांकण नाहीं म्हणून वजन वांचलें आणि उष्णता वायां जाण्याची एक वाट बंद झाली. हवा आंत घेण्यासाठीं व धूर बाहेर टाकण्यासाठीं झडपा नकोत. नळकांड्याच्या दोन्ही अंगांस भोंकें ठेवलेलीं असतात, तीं दट्टेच उघडतात आणि मिटतात. वर एक आणि खालीं एक असे दोन वांकडे दांडे दट्ट्यांच्या ये-जा करण्याचें रूपांतर फिरण्यांत करतात, आणि दंतचक्रांची माळ ती दोघांची गति एकत्र करून पंख्याला देते. त्यांतहि एक बारकावा असा कीं, धुराकडचा दांडा दुसऱ्याहून सुमारें ११ अंश पुढें ठेवलेला असतो, म्हणजे धूर आधीं निघून जातो आणि ताजी हवा मागून येऊन आंत कोंडली जाते.

अशा समोरासमोरच्या दट्ट्यांवर युंकर्स १८९२ पासून प्रयोग करीत होते. विमानासाठीं केलेलें असें पहिलें इंजिन १९२९ मध्यें आकाशांत उडालें. त्याच्या पाठीवर आलेलें 'यूमो-२०५' हें त्याहून लहान आणि सुटसुटीत. सहा नळकांडीं, बारा दट्टे, शक्ति सुमारें सहाशें घोड्यांची आणि वजन सहाशें किलोंच्या आंत. म्हणजे तेवढ्याच शक्तीच्या टॉर्नेडोच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी! सदतीस वर्षांच्या तपाचें हें फळ होतें.

पण फळ चाखण्याचें भाग्य त्यांच्या कपाळीं नव्हतें. आर्थिक मंदींत कारखाना कर्जबाजारी झाला. १९३२ सालीं, ज्या बंबांच्या धंद्यानें सर्व संशोधन पोसलें, तोच त्यांना बॉश कंपनीला विकावा लागला. १९३३ मध्यें हिटलरचें राज्य आलें. नव्या सत्ताधाऱ्यांना गुप्तपणें विमानदळ उभारावयाचें होतें, आणि देसाऊचा कारखाना त्यांना पाहिजे होता. युंकर्स खुषीनें तो देईनात, तेव्हां देशद्रोहाच्या खटल्याची भीति घालण्यांत आली. हा दाब आणण्यांत पुढाकार घेणारा एर्हार्ड मिल्ख हा पूर्वी युंकर्स यांच्याच विमान-वाहतुकींत नोकरीस होता! जून महिन्यांत त्यांच्याकडून पेटंटें लिहून घेतलीं, ऑक्टोबरांत कारखान्याचे ५१ टक्के भाग घेतले. देसाऊ शहर त्यांना वर्ज्य झालें, घराबाहेर पडण्यावर पहारा बसला. ३ फेब्रुवारी १९३५ रोजीं, आपल्या ७६ व्या वाढदिवशींच, त्यांनीं म्यूनिकजवळ गाउटिंग येथें देह ठेवला. राहिलेले भाग त्यांच्या पत्नीकडून सरकारनें घेतले. नांव तेवढें कारखान्यावर युंकर्स यांचेंच राहिलें.

आणि मग त्यांच्या इंजिनाचे चांगले दिवस आले. १९३६ च्या सप्टेंबरांत डॉर्निए कंपनीच्या 'डो-१८' जातीच्या 'झेफिर' या उडत्या नौकेनें दोन यूमो-२०५ इंजिनांवर अझोर बेटांवरून न्यूयॉर्क गांठलें. पुढील दोन वर्षांत चार इंजिनांचीं मोठीं समुद्र-विमानें जहाजावरून गोफणगुंड्याप्रमाणें फेंकून अटलांटिकपार पाठविण्यांत आलीं. १९३८ च्या मार्चमध्यें एक डो-१८ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून निघालें, तें ४३ तासांनीं ब्राझीलमध्यें कारावेलास येथें उतरलें. वाटेंत कोठेंहि न थांबतां त्यानें ८,३९१ किलोमीटर अंतर कापलें होतें. एकाच संथ लयींत, तासन् तास, थोड्या तेलावर चालत राहणें हाच या इंजिनाचा स्वधर्म होय, आणि तो त्यानें पुरेपूर पाळला.

याच सुमारास युंकर्स-८६ नांवाच्या बाँब टाकणाऱ्या विमानाला तेंच इंजिन बसवून १९३७ मध्यें स्पेनच्या यादवींत पाठविण्यांत आलें. तेथें सर्वच विपरीत घडलें. लढाईंत वैमानिकाला इंजिनाचा जोर एका क्षणांत वाढवावा लागतो, दुसऱ्या क्षणांत उतरवावा लागतो. धुराकडचे दट्टे आधींच भयंकर तापलेले; त्यांना हे झटके सोसवेनात. इंजिनें वारंवार बिघडूं लागलीं, आणि त्या विमानाच्या पुढील प्रकारांत पेट्रोलचीं इंजिनें घालावीं लागलीं. डीझेल निकामी आहे, असा बोभाटा झाला. परंतु वाटेनें संथ चालणाऱ्या बैलाला शर्यतींत पळवून मग त्याला निकम्मा ठरविणें हा कोठला न्याय?

रशियांतहि हाच पाठ गिरविला गेला. तेथील डीझेल विमान-इंजिनांचे प्रमुख रचनाकार अलेक्सेई चारोम्स्की यांना १९३८ मध्यें अटक झाली, आणि बंदिवासांतच त्यांच्याकडून इंजिनांचे आराखडे करवून घेण्यांत आले. १९४१ च्या ऑगस्टमध्यें बर्लिनवर बाँब टाकण्यासाठीं चार इंजिनांचीं जीं अवजड विमानें निघालीं, त्यांतील कित्येकांचीं डीझेल इंजिनें उंचावर अचानक बंद पडलीं. निर्माता कैदेंत आणि इंजिन अपुऱ्या तयारीनिशीं रणांगणांत, अशी ती अवस्था.

दुसऱ्या महायुद्धांत युंकर्सचें इंजिन अगदींच वायां गेलें असें मात्र नाहीं. जेथें काम त्याच्या स्वभावाचें होतें तेथें तें टिकलें. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या तीन इंजिनांच्या 'बीव्ही-१३८' नौका त्यावर चालत. पाणबुड्याहि डीझेलच वापरीत असल्यामुळें १९४३ मध्यें उत्तर ध्रुवसमुद्रांत या विमानांनीं पाणबुड्यांकडून तेल घेतलें. हवा दाबून पुरविणारी चक्की जोडलेलें 'यूमो-२०७' हें धाकटें भावंड तर युंकर्स-८६ ला बारा किलोमीटरच्याहि वर घेऊन जाई. तितक्या उंचीवर शत्रूचें विमान बराच काळ पोहोंचूंच शकत नव्हतें. २८ ऑगस्ट १९४२ रोजीं सकाळीं अशाच एका विमानानें ब्रिस्टल शहरावर एकच बाँब टाकला. तो रस्त्यांतील बसगाड्यांमध्यें पडला, आणि कामाला निघालेलीं चाळिसांहून अधिक माणसें मरण पावलीं. पंधरा दिवसांनीं, १२ सप्टेंबर रोजीं, गॅलिट्झिन नांवाच्या वैमानिकानें मुद्दाम हलकें केलेलें स्पिटफायर विमान सुमारें ४३,००० फुटांवर नेऊन साउदॅम्प्टनच्या आकाशांत या विमानाला गांठलें. त्यानंतर तो धोका टळला.

ब्रिस्टलची हकीगत वाचली तेव्हां कितीतरी वेळ मला दुसरें कांहीं सुचेना. उतारूंना सुखरूप समुद्रापार न्यावें म्हणून जें इंजिन घडलें, त्यानेंच बसमधील उतारू मारले. याचें पाप कोणाच्या माथीं? यंत्राच्या नव्हे, त्याला विवेक नसतो. निर्मात्याच्या म्हणावें, तर त्याचा हात सात वर्षांपूर्वींच थंड झाला होता. मला वाटतें, विद्वानाकडून त्याची विद्या ज्या दिवशीं धाकानें लिहून घेतली, आणि भोंवतालचे शहाणेसुर्ते लोक स्वस्थ बसले, त्याच दिवशीं या पापाची सुरुवात झाली.

युद्धानंतर जेट इंजिन आलें आणि आकाशांतील ही जात मागें पडली. तरी कल्पना मेली नाहीं. इंग्लंडच्या नेपिअर कंपनीनें युद्धापूर्वींच युंकर्सचे हक्क विकत घेतले होते. तिनें पुढें त्रिकोणाच्या तीन बाजूंवर नळकांडीं मांडून अठरा नळकांड्यांचें 'डेल्टिक' इंजिन केलें. १९६१ पासून १९८२ च्या आरंभापर्यंत लंडन-एडिंबरो मार्गावरील जलद गाड्या तें ओढीत असे. आपल्या देशांत चेन्नईजवळ आवडी येथें तयार होणाऱ्या 'विजयंत' रणगाड्यांतील लेलँडचें इंजिनहि समोरासमोरच्या दट्ट्यांचेंच होतें. आणि आज कांहीं लहान विमानांत पुन्हां डीझेल पद्धतीचीं इंजिनें बसवूं लागले आहेत, तीं निराळ्या रचनेचीं.

हें सर्व मीं नातवाला गिरणीच्या पडवींत बसून, टाळी वाजवून दाखवीत, सांगितलें. ब्रिस्टलची गोष्ट तेवढी वगळली. ती समजण्याचें त्याचें वय नाहीं. सर्व ऐकून घेतल्यावर त्यानें विचारलें, "मग त्या सरांना त्यांचा कारखाना परत मिळाला का?" मीं "नाहीं" म्हणालों. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. त्या गंजलेल्या चाकाला दोन्ही हात लावून, तें फिरतें का, हें पाहूं लागला.