लेबलवरच्या कॅलरींचा हिशेब

पाकिटावरच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यातली ऊर्जा तीन आकड्यांवरून पडताळता येते. 1 ग्रॅम प्रथिनांतून साधारण 4 किलोकॅलरी मिळतात, 1 ग्रॅम कर्बोदकांतूनही 4, तर 1 ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून 9. हे गुणक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या प्रयोगांतून आले आणि आजही तेच वापरात आहेत.

समजा, चिवड्याच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे प्रथिने 10, कर्बोदके 50 आणि एकूण स्निग्ध पदार्थ 32 ग्रॅम छापले आहेत. प्रथिनांचे 40, कर्बोदकांचे 200, स्निग्धांचे 288. बेरीज 528 किलोकॅलरी. वजनात तेल एक तृतीयांशही नाही, पण निम्म्याहून जास्त कॅलरी त्याच्याच. लेबल वाचताना खरी नजर ठेवावी ती इथे. 30 ग्रॅमची वाटी खाल्ली तर 528 ला 0.3 ने गुणायचे, म्हणजे सुमारे 158.

बेरजेत एक चूक हमखास होते. साखर कर्बोदकांतच मोजलेली असते आणि संपृक्त व ट्रान्स फॅट एकूण स्निग्धांत, त्यामुळे ती पुन्हा मिळवायची नाहीत. सोडियममधून ऊर्जा मिळत नाही.

उत्तर छापील आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. आकडे पूर्णांकात आणलेले असतात; शिवाय तंतुमय पदार्थ नीट पचत नसल्याने त्यांना बहुधा ग्रॅमला 2 किलोकॅलरीच धरतात. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली असेल, तर 4.184 ने भागले की किलोकॅलरी मिळतात.